सभ्य नकार

बाईंच्या घरात राहायला एक अट होती. मुलाखत देऊन आलेल्या मुलीने दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा घ्यायच्या आधी, मुलाखत घेणाऱ्यांना आभाराचा मेल लिहायचा. हॉलमधल्या कॉम्प्युटरवर, बाईंच्या देखत.

"चहाच्या आधी का?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"चहा झाला की माणूस समाधानी होतो. समाधानी माणसाचं पत्र वाचवत नाही."

बाई एका कारखान्यात मोठ्या साहेबांच्या सेक्रेटरी होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, मनगटावर घड्याळ बांधल्याशिवाय त्या खोलीबाहेर पडत नसत. लग्न केलेलं नव्हतं. कोथरूडमधल्या त्यांच्या फ्लॅटची एक खोली त्या नोकरी शोधणाऱ्या मुलींना द्यायच्या, एका वेळी दोघींना. नोकरी लागली की मात्र खोली सोडायची. "इथे वाट बघणाऱ्यांची सोय आहे," त्या सांगायच्या. "पगारवाल्यांनी आपली आपली जागा बघावी."

मूळच्या त्या नारायण पेठेतल्या. कोथरूडला येऊन निम्मं आयुष्य झालं होतं, तरी पेठेत भाजी आणायला निघाल्या की "जरा पुण्यात जाऊन येते" म्हणायच्या. मी लोणी काळभोरची, म्हणजे त्यांच्या हिशेबी परदेशातलीच.

"लोणीहून रोज जाऊन येऊन करता येतं की. इथे कशाला राहायचं?" पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं.

"मुलाखती सकाळच्या असतात, हिंजवडीला. घरून निघून पोचेपर्यंत अवतार होतो."

"अवतार धुता येतो. पण ठीक आहे. घरात माझा धाकटा भाऊ असतो. तो कोणाला त्रास देत नाही. त्यालाही कोणी द्यायचा नाही. जमेल?"

"जमेल, मावशी."

"मी कोणाची मावशी नाही. बाई म्हणा."

गंमत म्हणजे त्यांच्या भावाला सगळ्याच मुली मामा म्हणायच्या आणि त्याला बाईंची हरकत नव्हती.

ती मंदीची वर्षं होती. कॉलेजात असताना ज्या कंपन्या बस भरून मुलं घेऊन जात होत्या, त्या आता मुलाखतीला बोलवायच्या, दिवसभर बसवून ठेवायच्या आणि संध्याकाळी "वुई विल लेट यू नो" म्हणून बाहेर काढायच्या. त्यानंतर फोन नाही, मेल नाही, काही नाही. आपणच रोज मेलबॉक्स उघडायचा आणि बंद करायचा. मी पहिली मुलाखत देऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि स्वतः खिडकीपाशी उभ्या राहिल्या. त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"आत कोण होतं?"

"तिघं होते. दोन पुरुष आणि एक मॅडम."

"त्यांच्यातलं कोणी तुझ्याशी माणसासारखं बोललं का?"

मी आठवू लागले. "मॅडमनी विचारलं, इतक्या लांबून आलीस, काही खाल्लंस का म्हणून."

"काय सांगितलंस?"

"हो म्हटलं. खोटंच."

"मॅडमना लिही. चौकशी केलीत त्याबद्दल आभार."

"बाई, हे काय लिहायचं असतं का? क्लासमध्ये सांगितलंय, आपली स्किल्स पुन्हा एकदा ठसवायची."

"ती बाकीचे ठसवतील. त्या बाईला दिवसभरात पन्नास पोरं स्किल्स ठसवून गेली असतील. तू खाण्याचं लिही."

मी लिहिलं. 'मी आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहत आहे' हे वाक्य घातलं, तर मागून आवाज आला, "पूस. नोकरी मागत्येस, माहेरी न्यायला येणाऱ्याची वाट नाही बघत आहेस." 'आपली नम्र' पुसायला लावलं. "नम्र आहेस ते त्यांनी बघितलंय. खुर्चीच्या टोकावर बसली असशील." मी खरंच तशी बसले होते.

सगळं झाल्यावर त्या शेवटचं वाक्य स्वतः सांगायच्या. प्रत्येक मुलीच्या प्रत्येक मेलच्या शेवटी ते असायचंच. आपला निर्णय नकाराचा असला, तरी कृपया तसं कळवावं.

या वाक्यावरून प्रत्येक मुलीचं बाईंशी एकदा तरी वाजलं होतं. माझंही वाजलं. "बाई, आपणच नकाराची आठवण करून द्यायची? किती निगेटिव्ह वाटतं ते!"

"निगेटिव्ह नाही. सभ्य आहे. हो म्हणायला कोणालाही आवडतं, त्याचं पत्र आपोआप येतं. नाही म्हणायला सभ्यपणा लागतो. तो आपण मागून घ्यायचा."

माझ्याबरोबर खोलीत सांगलीची एक मुलगी होती. तिची एक मुलाखत फार चांगली झाली होती. त्या लोकांनी तिला टेबल कुठलं मिळेल तेसुद्धा दाखवलं होतं. मेल गेला. मग आठवडे गेले. तिचं जेवण कमी झालं, फोन हातातून सुटेना. एका सकाळी बाईंनी तिच्याकडून कंपनीचा नंबर घेतला आणि आमच्या समोर फोन लावला.

"नमस्कार. आपल्याकडे मुलाखत झालेल्या एका मुलीबद्दल बोलत्ये. नाही, मी तिची आई नाही. कोणीच नाही, घरमालकीण आहे. तिला घ्यायचं आहे की नाही, एवढंच सांगा. कारण नको." पलीकडून कोणीतरी कोणालातरी जोडून दिलं, मग आणखी कोणाला. बाई प्रत्येकाला तेच वाक्य त्याच आवाजात सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "नाही ना? धन्यवाद. हे आपण आधी सांगू शकला असतात." त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि तिच्याकडे वळल्या.

"नाही म्हणाले. जेवून घे."

ती पोरगी बाईंना नको नको ते बोलली. तुम्हाला कोणी सांगितलं होतं म्हणाली, माझं नाव खराब केलंत म्हणाली. बाई ऐकून घेत होत्या. मग ती खूप रडली, आणि रडून झाल्यावर दोन ताटं जेवली. महिन्याभरात तिला दुसरीकडे नोकरी लागली. जाताना ती बाईंच्या पाया पडली नाही. बाईंनीही तशी अपेक्षा केली नव्हती.

मामांबद्दल सांगायचं राहिलंच. ते तेव्हा पंचावन्नच्या पुढे असतील. उंच, गोरे, थोडे वाकलेले. सकाळी दाढी करून, पांढरा शर्ट खोचून ते हॉलमध्ये दाराकडे तोंड करून बसायचे. पेपर हातात असायचा, पण पान उलटायचे नाहीत. बेल वाजली की उठून उभे राहायचे. पोस्टमन असो, कुरिअरवाला असो, इस्त्रीवाला असो, बाई दार उघडून आत वळल्या की मामा विचारायचे, "माझं काही?"

"आज नाही," बाई म्हणायच्या.

मग ते बसायचे. घरात कॉम्प्युटर आल्यापासून ते तिथेही विचारायचे. कोणीतरी आधीच्या मुलीने त्यांना स्वतःचा मेलचा पत्ता करून दिला होता, तो उघडायला, उत्तर लिहायलाही शिकवलं होतं. तरी आम्ही मेल बघत असलो की मागे येऊन उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, "माझं काही?"

एकदा मी घाईत होते. मागे न बघताच म्हणाले, "नाही हो मामा, काही नाही."

बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

"'आज नाही' म्हणायचं. नुसतं 'नाही' म्हणायचं नाही. या घरात तेवढं एक पाळ."

मी विचारलं नाही, पण त्यांनीच पोळ्या लाटता लाटता सांगितलं. मामा इंजिनिअर झाले त्या वर्षीची गोष्ट. एका मोठ्या कारखान्यात मुलाखत झाली. साहेबांनी स्वतः कारखाना फिरवून दाखवला, हात हातात घेतला, कधीपासून येऊ शकाल विचारलं आणि म्हणाले, आठवड्यात कळवतो. वडिलांनी पेठेत पेढे वाटले. आठवडा गेला, महिना गेला. पत्र आलं नाही. दुसरीकडे अर्ज कर म्हटलं, तर मामा म्हणायचे, त्यांना येतो म्हणालोय, आता दुसरीकडे कसा जाऊ? चांगलं दिसतं का ते? वडिलांनी दोनदा पत्र टाकलं. त्याचंही उत्तर नाही. मग मामांनी बाहेर जाणं सोडलं, कारण आपण बाहेर असताना पत्र आलं तर? मग झोप गेली. मग दवाखाना, गोळ्या. वडील गेले, आई गेली. तो कारखानाही बंद पडला, त्या जागेवर सोसायट्या उभ्या राहिल्या. मामा दाराकडे तोंड करून बसून राहिले.

"डॉक्टर म्हणाले, आजार आतच होता," बाई म्हणाल्या. "पत्र आलं असतं तरी हा आजारी पडला असता. मान्य. पण वाट बघत तरी पडला नसता."

आणि तव्यावरची पोळी उलटून म्हणाल्या, "जा, मेल पूर्ण कर. शेवटचं वाक्य विसरू नकोस."

मला नोकरी लागली ती त्या पहिल्या मुलाखतीतल्या मॅडमच्याच कंपनीत, पण वेगळ्या जागेसाठी आणि बऱ्याच उशिरा. मॅडमनी त्या पहिल्या वेळी मला नकाराचा मेल पाठवला होता, दोन ओळींचा. पुढे मला म्हणाल्या, "तू नकारही कळवा असं लिहिलं होतंस, म्हणून लिहावंच लागलं. आणि एकदा लिहिलं म्हणून नाव लक्षात राहिलं." हे बाईंना सांगितलं तर त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हं. खोली कधी सोडतेस?"

मी हिंजवडीजवळ राहायला गेले. दिवाळीला, संक्रांतीला जाऊन यायची. काही वर्षं अशीच गेली. मग एक दिवस बाईंचा फोन आला. त्या कधी फोन करत नसत.

"शनिवारी ये. काम आहे. येताना काही आणू नकोस."

दार त्यांनीच उघडलं. मी त्यांना ओळखलं ते घड्याळावरून. पट्टा शेवटच्या भोकात घालूनही ते मनगटावरून कोपराकडे सरकत होतं. मामा नेहमीच्या जागी होते. मला बघून उभे राहिले, "माझं काही?" विचारलं. "आज नाही मामा," मी म्हटलं.

बाई मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लोटलं.

"पोटात गाठ आहे. डॉक्टर 'बघू या' म्हणत होते. मी म्हटलं, मला 'बघू या' नको, काय ते सांगा. तर सांगितलं. फार दिवस नाहीत."

मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो पदर सावरायला घेतला.

"त्याची सोय केली आहे. तुमच्याच बाजूला एक संस्था आहे, लोणीच्या अलीकडे. जाऊन बघून आले. बरी आहे. म्हणजे वास येत नाही. देखभाल करणारे पोरगे चांगले आहेत. पण तिथे रोज त्याला 'आज नाही' कोण म्हणणार? म्हणतील चार दिवस. मग एखादा कंटाळून म्हणेल, गप बस रे म्हाताऱ्या, काही नाही तुझं."

"मामांना माहीत आहे का, तुमचं?"

"नाही. सांगितलेलं नाही." त्या खिडकीपाशी गेल्या, उभं राहवेना म्हणून पलंगावर बसल्या. "तुम्हा सगळ्या पोरींना मी नकार मागायला लावला. आणि याला मात्र इतकी वर्षं 'आज' जोडून जोडून ठेवला. मला वाटायचं, तेवढ्यावर तो जगतोय. आता मला दिसतंय की तेवढ्यावर मीच जगत होते. त्याला नकार पाठवायचाय. तू लिही. मी सांगते."

"बाई, ही फसवणूक होईल."

"फसवणूक कळवतो म्हणणाऱ्यांनी केली. आपण फक्त कळवतोय."

मी कॉम्प्युटर उघडणार होते, पण तो हॉलमध्ये होता. म्हणून कागदावर लिहायला बसले. बाईंनी हयातभर साहेबांसाठी नकाराची पत्रं टाइप केली होती. 'आम्हाला कळवण्यास खेद होतो' हे वाक्य त्या झोपेतही म्हणाल्या असत्या. त्या तेवढं म्हणाल्या आणि थांबल्या. पुढे जाता येईना.

मी म्हटलं, "या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे, असं लिहू?"

"दुसरा नको. दुसरा आला की तो माझ्याहून कशात चांगला होता, हे काढत बसेल. मरेपर्यंत."

"मग जागाच रद्द झाली म्हणू. कंपनीने ती भरायचीच नाही असं ठरवलं."

बाईंनी बराच वेळ विचार केला. "हो. जागाच नव्हती. तेच खरंही असेल. आणि उशिराबद्दल क्षमा माग."

"इतक्या वर्षांच्या उशिराबद्दल?"

"मागायची. त्यांनी नाही मागितली, आपण मागू. आणि मुलाखत चांगली झाली होती हे लिही. ती झाली होती. मला त्याचा चेहरा आठवतो, घरी आला तेव्हाचा."

मी मामांच्या त्या कारखान्याच्या नावाचा एक मेलचा पत्ता तयार केला. पाठवायचा मात्र सोमवारीच, बाई म्हणाल्या. शनिवार-रविवारी नकार कोण पाठवतं?

सोमवारी मी रजा घेतली आणि सकाळीच कोथरूडला गेले. स्वयंपाकघरात उभी राहून फोनवरून मेल पाठवला आणि बाईंकडे बघून मान हलवली. त्या हॉलमध्ये गेल्या, कॉम्प्युटर लावला, मामांचा मेलबॉक्स उघडला. मामा उठून मागे येऊन उभे राहिले.

"माझं काही?"

"आहे," बाई म्हणाल्या.

मामा हलले नाहीत. मला वाटलं त्यांना ऐकूच गेलं नाही. मग त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, खुर्ची ओढली आणि बसले. एवढासा मेल, पण ते किती तरी वेळ वाचत होते. बाई त्यांच्या पाठीशी खुर्ची धरून उभ्या होत्या. मी दारात.

"ताई," ते म्हणाले, "जागाच नव्हती."

"हो का?"

"हो. भरायचीच नव्हती त्यांना. मुलाखत चांगली झाली म्हणतात." मग थोड्या वेळाने, "क्षमा मागितली आहे."

ते उठले, आपल्या खोलीत गेले आणि शर्टासकट पलंगावर आडवे झाले. भिंतीकडे तोंड केलं. दुपारी जेवायला उठले नाहीत. रात्रीही नाही, असं बाईंनी फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी दाढी केली नाही. दाराची बेल वाजली तरी उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन गोळी वाढवून गेले. त्या संध्याकाळी बाईंचा आवाज मला ओळखू येईना.

"मी त्याला मारलं," त्या म्हणाल्या. "मरताना कोणी आपल्याबरोबर दुसऱ्याला नेतं का गं? मी नेलं. माझी सोय व्हावी म्हणून."

"बाई, मी येते."

"येऊन काय करशील? त्याला दुसरा मेल पाठवशील?"

खरं म्हणजे मी तोच विचार करत होते. मेल चुकून गेला होता, जागा आहे, कळवू. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी ते वाक्य मनात जुळवत होते. दुपारी त्या खोट्या पत्त्याचा मेलबॉक्स उघडला. त्यात पहाटे आलेला एक मेल होता. मामांचा.

मेल इंग्रजीत होता, जुन्या शाळांमधून शिकवायचे तसल्या इंग्रजीत. मराठीत सांगायचा तर असा:

'महोदय, आपलं पत्र मिळालं. आभारी आहे. मुलाखतीच्या दिवशी मला कारखान्याच्या फाटकापाशी ठेच लागली होती आणि चपलेत रक्त आलं होतं. कारखाना दाखवताना ते आपल्या लक्षात आलं. आपण शिपायाला पाठवून कापूस मागवलात आणि मला आपल्या खुर्चीवर बसवलंत. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. जागा नव्हती हे कळवलंत, बरं झालं. यापुढे माझ्या अर्जाचा विचार करू नये. माझी मोठी बहीण आजारी आहे. ती सांगत नाही, पण आजार मोठा आहे. तिचं सगळं मलाच करायचं असल्यामुळे मला नोकरी धरता येणार नाही. तसदीबद्दल क्षमस्व.'

मी तशीच उठले. हिंजवडीहून कोथरूडपर्यंत रिक्षात मी तो मेल पुन्हा पुन्हा वाचत होते.

बाई हॉलमध्ये मामांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं. मग फोन मला परत देऊन म्हणाल्या, "तू वाच. मोठ्याने."

मी वाचलं.

"कापसाचं त्याने मला कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा साहेब मी इतकी वर्षं मनात राक्षस करून ठेवला होता. त्याने कापूस मागवला." त्यांनी चष्मा काढला. "कापूस मागवता येतो, आणि एक ओळ लिहिता येत नाही."

आतलं दार उघडलं. मामा बाहेर आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. त्यांनी मला बघितलं, पण काही विचारलं नाही. ते बाईंसमोर येऊन उभे राहिले.

"ताई, दुपारची गोळी घेतलीस का?"

"कसली गोळी?" बाई म्हणाल्या. त्यांनी गोळ्या कपाटात साड्यांखाली ठेवलेल्या होत्या.

"तीच. साड्यांखालची."

बाई उठून गोळी घ्यायला आत गेल्या.

त्यानंतर बाई पावसाळाभर होत्या. ते दिवस चांगले गेले असं मी म्हणणार नाही. दुखणं वाईट होतं आणि मामांना कसलीच सवय नव्हती. त्यांनी दूध उतू घालवलं, कुकरचा तळ जाळला, बाईंच्या पथ्याच्या खिचडीत दोनदा मीठ घातलं. बाई पडल्या पडल्या त्यांना बोलायच्या. "देखभाल म्हणे! याची देखभाल सोसायला आधी तब्येत पाहिजे." दवाखान्यात ठेवलं तेव्हा मामा नर्सबाईंशी भांडायचे, तिला दुखतंय तर तुम्ही बघू बघू काय म्हणता, म्हणून. आत राहू देईनात तेव्हा जिन्यात बसून राहिले. मी जायची तेव्हा बाई माझ्याकडे तक्रार करायच्या. "घरी जा म्हटलं तर जात नाही. सारखा तोंडाकडे बघत बसतो. झोप येत नाही मला." पण मामा पाणी आणायला गेले की त्यांचे डोळे दाराकडे लागायचे.

गेल्या त्या दुपारी. दुखणं थांबायची औषधं दिली होती, त्यामुळे शेवटी काही बोलल्या नाहीत. डॉक्टर बाहेर आले आणि नातेवाईक कोण म्हणून विचारू लागले. मी पुढे होणार, तेवढ्यात मामा जिन्यातून उठले.

"मी," ते म्हणाले. "मी धाकटा भाऊ. काय ते मला सांगा."

मामा आता लोणीच्या अलीकडच्या त्या संस्थेत असतात. बाई म्हणाल्या होत्या तशीच आहे ती. खोलीत तिघं जण. एक सारखा ओरडतो. सकाळी अंगणात उन्हाला बसवतात, दुपारी आत घेतात. मी महिन्यातून एखाद्या वेळी जाते. मामा फार बोलत नाहीत. ताईचा विषय काढला तर उठून जातात. दाढी तिथला न्हावी करतो, त्यामुळे रोज होत नाही.

माझे वडील मात्र दर रविवारी जातात. संस्था आमच्या शेताच्या वाटेवरच आहे. मी एकदा सहज म्हणाले होते, जाता येता डोकावत जा, तेव्हापासून त्यांचा तो नेमच झाला. आबांना मेलचं, मुलाखतीचं, यातलं काहीच माहीत नाही. माझ्या जुन्या घरमालकिणीचा भाऊ, एवढंच त्यांना ठाऊक.

परवा आबांचा फोन आला. भुईमुगाचं बोलून झालं, पावसाचं झालं, मग म्हणाले, "आगं, त्यो तुझा मामा. आज माझ्याकडं काम मागत हुता."

"काम?"

"व्हय. म्हनला, शेतात काय काम आसंल तर करीन. कायबी करीन म्हनला. हात दाखवले मला."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. "मग तुम्ही काय म्हणालात, आबा?"

"काय म्हननार? न्हाई म्हनलं. म्हनलं, तुमच्यानं व्हायचं न्हाई, ऊन सोसायचं न्हाई तुम्हास्नी. तर म्हनतोय, दिवाळीनंतर इचारू का? म्हनलं, दिवाळीनंतरबी न्हाई. कदीच न्हाई. उगं आशेवर कशाला ठिवायचं मानसाला?"

मी परत खुर्चीत बसले.

"काय गं? वाईट बोललो का म्या?"

"नाही आबा. ते काय म्हणाले?"

"काय म्हननार. बरं म्हनला. मग शेंगा नेल्त्या म्या भाजून, त्या खाल्ल्या आमी दोघांनी. टरफलं समदी त्यानंच गोळा केली."